निवृत्तीनंतर मेंदू जागता ठेवायचा असेल तर आसपासच्या जिवांची वही ठेवा

रानवाट

मंडळी, निवृत्तीनंतर मेंदू तल्लख कसा ठेवायचा यावर इथे अधूनमधून चर्चा निघते आणि बहुतेक वेळा शब्दकोडी, सुडोकू आणि मोबाइलवरचे खेळ इथवर येऊन थांबते. वन्यजीवांचे धागे वेगळे चालतात, तिथे तरुण मंडळी लेन्स आणि सफारींबद्दल बोलतात. मला हे दोन विषय एका धाग्यावर आणायचे आहेत. निवृत्त माणसाकडे भरपूर वेळ असतो, एकाच जागी वर्षानुवर्षं राहणं असतं आणि जुनी आठवण असते. वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्यांना नेमक्या याच तीन गोष्टी कुठे विकत मिळत नाहीत.

नोकरी संपली की पगार थांबतो हे सगळ्यांना दिसतं. आपल्या कामाची कुणीतरी वाट बघतंय ही भावनाही त्याच दिवशी थांबते, ते मात्र सहज लक्षात येत नाही. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर 'व्हाइटहॉल टू' नावाचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे. २०१८ मध्ये त्यातून असं पुढे आलं की शब्द लक्षात ठेवण्याच्या क्षमतेची घसरण निवृत्तीनंतर आधीपेक्षा ३८ टक्के वेगाने झाली. तर्कशक्तीवर निवृत्तीचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे सरसकट घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण हातावर हात ठेवून बसण्यासारखंही नाही.

माझा उपाय म्हणजे एक वही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उभं राहायचं किंवा बसायचं. तारीख, वेळ, हवा कशी आहे, किती मिनिटं पाहिलं, कोण दिसलं, किती दिसले, काय करत होते. काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं. हे शेवटचं सगळ्यांना विचित्र वाटतं, पण 'पाहिलं आणि नव्हतं' ही नोंद 'पाहिलंच नाही' यापेक्षा फार वेगळी असते. दहा वर्षांनी एखादा जीव कमी झाला का हे शोधणाऱ्याला रिकाम्या दिवसांचीच गरज पडते.

यात मेंदूला काय काम मिळतं ते सांगतो. उडता थवा मोजायचा म्हणजे दहाचा एक गठ्ठा डोळ्यांनी बांधायचा आणि थवा निघून जायच्या आत तसे किती गठ्ठे होतील ते ठरवायचं. दोन सारखे दिसणारे पक्षी वेगळे करायचे तर चोच, भुवई, पंखावरची पट्टी, शेपटी हलवायची लकब हे सगळं पाच-सात सेकंदांत टिपून, नजर खाली वळवून कागदावर उतरवेपर्यंत डोक्यात धरून ठेवायचं. पुस्तक नंतर उघडायचं. आधी लिहायचं, मग पडताळायचं. हा क्रम मी कधी मोडत नाही, कारण पुस्तकातलं चित्र पाहिलं की मन लगेच त्याच्यासारखं बघितल्याचा दावा करू लागतं.

आणि या वह्यांचं मोल काय असतं? जर्मनीत क्रेफेल्ड नावाच्या शहरात हौशी कीटक-अभ्यासकांची जुनी मंडळी आहे. त्यांनी संरक्षित क्षेत्रांमध्ये तंबूसारखे सापळे लावून उडणारे कीटक गोळा केले, त्यांचं वजन केलं, नोंदी ठेवल्या. २०१७ मध्ये त्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६३ ठिकाणं, २७ वर्षं, आणि उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलेलं. जगभर कीटकांच्या ऱ्हासाची चर्चा पेटली ती त्यामुळे. कुणी सांगितलं नसताना, पद्धत न बदलता, माणसं इतकी वर्षं तेच काम करत राहिली म्हणून हे कळलं.

तुमच्यापैकी कोण काय करतं, कुठे अडतं, लिहा. नवीन लोकांनी निःसंकोच विचारा.

कुसुमपर्ण

फार सुंदर धागा, रानवाट काका. पण माझ्यासारखीनं काय करायचं? दोन्ही गुडघे कामातून गेलेत. जिना उतरणं हाच एक कार्यक्रम होतो. टेकडीवर जाऊन पक्षी बघणाऱ्यांचे फोटो पाहिले की छान वाटतं आणि वाईटही वाटतं.

भिरभिरी

कुसुमताई, मीही खिडकीतलीच. माझ्याकडे सध्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशी घर बांधतेय. काळी-पिवळी, कंबर दोऱ्याएवढी. ओल्या मातीची बारीक गोळी तोंडात धरून येते, आणि ती गोळी लावताना एक उंच गुणगुण ऐकू येते. उडतानाचा आवाज वेगळा, हा वेगळा. नीट बघितलं तर कळतं की गुणगुणताना ती सगळं अंग थरथरवते आणि त्या थरथरीने माती पसरून बसते. गोळी वाळली की कडेला फिकट अर्धगोल उरतो, त्यावर पुढचा. नळीसारखी खोली झाली की त्यात कोळी आणून भरते. कोळी मेलेले नसतात, डंखाने लुळे केलेले असतात, म्हणजे पिल्लाला ताजं खाणं. अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते.

आता माझ्या वहीत या एका माशीची किती पानं झालीत विचारू नका. गोळी आणायला जाते तेव्हापासून परत येईपर्यंतचा वेळ मी घड्याळ लावून लिहिते. ऊन वाढलं की फेऱ्या लांबतात. मला वाटतं जवळचा ओलावा सुकल्यामुळे तिला लांब जावं लागत असेल. म्हणून खिडकीखालच्या कुंडीत थोडा चिखल करून ठेवलाय. ती तो घेते का, ते बघतेय. माणसाने बाहेर पडावंच असं या कामात काही नाही.

रानवाट

भिरभिरी ताई, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. प्रश्न पडला, अंदाज बांधला, तपासायची सोय केली. यापेक्षा मेंदूला वेगळा व्यायाम काय हवा?

कुसुमताई, तुम्हाला एक नाव सांगतो: जेनिफर ओवेन. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी स्वतःच्या घराच्या साध्या बागेत ३० वर्षं नोंदी ठेवल्या आणि वनस्पती, कीटक, पक्षी, सगळं मिळून २,६७३ प्रजाती नोंदवल्या. या काळातच त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला, पुढे हालचाल अवघड होत गेली, तरी काम सुटलं नाही. शहरातली चारचौघांसारखी बाग म्हणजे निसर्गाच्या दृष्टीने रिकामी जागा, ही समजूत त्यांच्या कामाने खोटी ठरवली.

चालता येत नसेल तर एक झाड निवडा, खिडकीतून दिसणारं. पहिली पालवी, पहिलं फूल, पहिलं पिकलं फळ, पहिली पानगळ, आणि त्यावर येणारे पाहुणे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये ऋतूंच्या अशा खुणा टिपायला सुरुवात केली. त्याच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. हवामान बदलाचा अभ्यास करणारे आज त्या नोंदी वापरतात. मार्शमला यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

निरामय

मी वैद्यकीय क्षेत्रात काम केलेला माणूस आहे, म्हणून थोडा सावधपणाचा सूर लावतो. धागा आवडला हे आधीच सांगतो.

वही ठेवली की स्मृतिभ्रंश होणार नाही, असं कुणी समजू नये. असं कुठल्याच एका गोष्टीबद्दल म्हणता येत नाही. मेंदूच्या व्यायामांवरचा मोठा अमेरिकी प्रयोग, 'ॲक्टिव्ह', त्यात ६५ वर्षांवरचे २,८३२ लोक होते. २००२ च्या निष्कर्षात दिसलं की ज्यांना स्मरणाचं प्रशिक्षण दिलं त्यांचं स्मरण सुधारलं, ज्यांना तर्काचं दिलं त्यांचा तर्क सुधारला. एकाचा फायदा दुसऱ्याकडे फारसा गेला नाही. सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत तरबेज होतो, असं मी रुग्णांना सांगायचो ते यामुळे.

फिनलंडच्या 'फिंगर' प्रयोगाने जास्त आशा दिली. ६० ते ७७ वयाचे १,२६० लोक, दोन वर्षं, आणि एका वेळी सगळं: आहार, व्यायाम, मेंदूला काम, रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर लक्ष. २०१५ चे निष्कर्ष चांगले आले. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने असे १४ धोके मांडले जे आटोक्यात आणले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतील. त्या यादीत बैठी जीवनशैली, एकटेपणा, नैराश्य, मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान आहेत, आणि उपचार न केलेली कमी दृष्टी व कमी ऐकू येणं हेही आहे.

या यादीकडे बघितलं की रानवाट यांचा उपाय मला कोड्यांपेक्षा बरा का वाटतो ते कळेल. चालणं होतं, लक्ष द्यावं लागतं, नवं शिकावं लागतं आणि चार लोकांशी बोलणं होतं. पण म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका.

आणखी एक. पक्ष्याचं नाव जिभेवर येऊन अडणं हे वयाचं सामान्य लक्षण आहे. रोजच्या वाटेवरून घरी येताना रस्ता न कळणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत विचारणं, पैशांचे साधे हिशेब एकाएकी न जमणं, हे तसं नाही. तेव्हा डॉक्टरकडे जा, आणि लवकर जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेचे विकार, काही औषधांचे परिणाम यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार असतात. 'वय झालं' म्हणून लोक घरी बसतात ते मला बघवत नाही.

तारसप्तक

निरामय यांनी ऐकू येण्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या गटात आम्ही सहा-सातजण, वयाने बहुतेक सत्तरीच्या आसपास, आणि एक कॉलेजची मुलगी. ती म्हणायची, 'काका, तो बघा बोलतोय, त्या उंच फांदीवर.' पक्षी दिसायचा, चोच उघडझाप होताना दिसायची. आवाज शून्य. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही शून्य.

वयानुसार कान जातात ते उंच पट्टीपासून. माणसांचं बोलणं त्या मानाने खालच्या पट्टीत असतं, त्यामुळे घरात कुणाला संशयही येत नाही. पक्ष्यांच्या नोंदीत मात्र हे लगेच उघड होतं. तपासणी केली, यंत्र बसवलं. पहिल्या सकाळी मी गच्चीवरून खाली यायलाच तयार नव्हतो.

यावर अभ्यासही आहे. 'अचीव्ह' नावाच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर श्रवणयंत्राने फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात आकलनक्षमतेची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली.

वही ठेवणाऱ्यांना एक विनंती. यंत्र कधी बसवलं ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नाहीतर उद्या कुणीतरी तुमच्या नोंदी बघून म्हणेल की या वर्षी बारीक आवाजाचे पक्षी अचानक वाढले.

रानवाट

तारसप्तक, ही सूचना सोन्यासारखी आहे. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, नवी दुर्बीण, हे सगळं लिहावं.

नवखी_आजी

मध्येच विचारते, माफ करा. अंगणात एक पिल्लू पडलंय. नातवंडं भोवती जमली आहेत, खोक्यात घालून घरात आणायचं म्हणतात. काय करू? पाणी पाजू का?

भिरभिरी

आजी, पाणी अजिबात पाजू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी सांगा: अंगावर पिसं आहेत का? पायांवर उभं राहतंय का?

नवखी_आजी

पिसं आहेत, शेपटी आखूड आहे. टुणटुण उड्या मारतंय. ओरडतंय.

रानवाट

मग ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर निघालंय. उडायला शिकण्याआधी काही दिवस पिल्लं जमिनीवर आणि झुडपांत अशीच काढतात, आईबाप तिथे येऊन भरवतात. मुलांना घरात न्या आणि खिडकीतून बघायला सांगा. तुम्ही सगळे भोवती असाल तोवर आईबाप खाली उतरणार नाहीत. मांजर-कुत्रं जवळ असेल तर त्यांना आत कोंडा. अगदी रस्त्यावरच असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत खरी नाही.

पिसंच नसतील, डोळे मिटलेले असतील, तर घरटं शोधून परत त्यात ठेवायचं. रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल किंवा मांजराने तोंडात धरलेलं असेल तर मात्र वेळ न घालवता प्रशिक्षित वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा. मांजराच्या दातांची जखम बाहेरून दिसत नाही आणि त्यातला जंतुसंसर्ग लवकर जिवावर बेततो.

नवखी_आजी

आलो आत सगळे. दोन मोठे पक्षी आलेत, एक चोचीत काहीतरी हिरवं घेऊन आलाय. नातवाने वही मागितली आहे. खूप आभार.

कडूलिंब

चर्चा वाचतोय. एक प्रश्न आहे, राग मानू नका. नोंदी ठेवून माणसाचं मन रमतं हे कबूल. पण प्राणी वाचतात का? जंगलं तुटतायत, नद्या बाटतायत, आणि आपण वहीत तारखा लिहितोय. यापेक्षा चार झाडं लावलेली काय वाईट?

रानवाट

कडूलिंब, राग कसला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

बहिरी ससाणा या शिकारी पक्ष्याचं उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांची संख्या ढासळत होती आणि घरट्यांत अंडी फुटलेली सापडत होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांमधली अंडी काढून त्यांच्या कवचांची नव्याशी तुलना केली. १९६७ मध्ये त्यांनी दाखवलं की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कवचं एकाएकी पातळ झाली. डीडीटी हे कीटकनाशक शेतीत आलं तो हाच काळ. जुन्या काळी कुणीतरी प्रत्येक अंड्याच्या सोबत तारीख आणि जागा लिहून ठेवली होती, म्हणून ही तुलना होऊ शकली. तारीख नसती तर तो अंड्यांचा ढीग कुणाच्याच कामाचा नव्हता. पुढे अनेक देशांनी शेतीतलं डीडीटी बंद केलं आणि ससाणे परत आले.

उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले हे २०१९ मध्ये कळलं, तेही मुख्यतः स्वयंसेवकांच्या मोजणीतून. त्यातली एक मोजणी, 'ब्रीडिंग बर्ड सर्व्हे', १९६६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांनी सुरू केली. या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. १९५६ मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर त्यांनी लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या एका मादीच्या पायात ओळखीचं कडं घातलं. २००२ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते त्याच बेटावर पक्ष्यांची झिजलेली कडी बदलत होते. नंतर जुन्या नोंदी ताडून बघताना लक्षात आलं की त्यातली एक मादी ४६ वर्षांपूर्वी त्यांनीच कडं घातलेली होती. तिचं नाव विस्डम. २०२४ च्या अखेरीस, अंदाजे ७४ व्या वर्षी, तिने पुन्हा अंडं घातलं. रॉबिन्स २०१७ मध्ये गेले, ९८ वर्षांचे होऊन. सेवानिवृत्ती घेतल्यावरही ते कामाला येत होते.

झाडं जरूर लावा. पण कुठली लावायची, लावल्यावर कोण आलं, कोण नाही आलं, हे कोण सांगणार?

भिरभिरी

कडूलिंब दादा, नोंदींमुळे आपल्याच घरातल्या चुका दिसतात हेही आहे. आमच्या इमारतीत जिन्याच्या मोठ्या काचेखाली मेलेले पक्षी सापडायचे. सगळे म्हणायचे, कधीतरी होतं. मी तारखा लावून ठेवल्या आणि बैठकीत कागद पुढे ठेवला, तेव्हा 'कधीतरी' किती वेळा होतं ते दिसलं. आता काचेला बाहेरून ठिपक्यांची पट्टी लावली आहे. ठिपके उभे-आडवे ५ सेंटिमीटरच्या आत असावे लागतात, त्याहून विरळ असले तर पक्षी मधून जायला बघतो. ससाण्याचं एकच काळं चित्र चिकटवून काही होत नाही.

दुसरं, उंदरांचं विष. ब्रोडिफॅकम, ब्रोमाडिओलोनसारखी विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरतो आणि घुबडाला आयता सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. बिळं बुजवणं, कचरा झाकणं, पिंजरा, हे आधी करावं. आणि रात्री गच्चीवरचे विनाकारण जळणारे दिवे बंद करा. स्थलांतर करणारे पक्षी आणि रातकिडे-पतंग दोघांनाही त्याचा त्रास होतो.

पाण्याचं भांडं ठेवणाऱ्यांनी ते उथळ ठेवावं आणि रोज घासून धुवावं. गलिच्छ भांड्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात, मग ठेवलेलं न ठेवलेल्याहून वाईट.

शेवंती

मी या धाग्यावर येऊ की नको असं करत होते. माझे यजमान गेले तेव्हापासून पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. मुलगा परदेशात. बोलायला कुणी नाही असं नव्हतं, पण बोलायला काही नव्हतं.

शेजारच्या एका ताईंनी जबरदस्तीने बागेत नेलं. त्यांनी मला काहीही समजावलं नाही. हातात वही दिली आणि म्हणाल्या, मी मोजते, तुम्ही लिहा. मोजताना दुसरा विचार करता येत नाही, एवढंच मला पहिल्या दिवशी कळलं. चूक केली तर त्या ओरडायच्या, मला तेही बरं वाटायचं, कारण इतके महिने सगळे माझ्याशी फार जपून बोलत होते.

आता मी लिहिते आणि मोजतेही. एक गोष्ट मात्र खुपते. आमच्याकडे आधी घरटी असायची ती जागा आता रिकामी आहे, आणि वहीमुळे ते दर वर्षी लक्षात येतं. दुःखातून बाहेर यायला इकडे आले आणि इथेही कोणीतरी जातंयच. याचं काय करायचं?

निरामय

शेवंतीताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

आधी वैद्यकीय भाग. पहाटेची जाग, कशात रस न वाटणं, हे आठवडेच्या आठवडे टिकलं तर ते नुसतं दुःख नसतं, नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहे. अजून तसं होत असेल तर डॉक्टरांशी बोला. बागेने मदत केली म्हणून तो मार्ग बंद समजू नका.

बागेचा भाग आता. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १,२९२ लोकांची मोबाइलवरून दिवसातून अनेकदा विचारपूस केली होती. पक्षी दिसले किंवा ऐकू आले तेव्हा लोकांना बरं वाटत होतं, नैराश्याचं निदान झालेल्यांनाही, आणि तो परिणाम काही तास टिकत होता. दुसरा एक छोटा प्रयोग मला मनापासून आवडतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या साठीपुढच्या लोकांना आठवड्यातून एकदा १५ मिनिटं चालायला सांगितलं. निम्म्यांना फक्त चाला म्हणाले, निम्म्यांना सांगितलं की काहीतरी थक्क करणारं शोधत चाला. दोघांनी स्वतःचे फोटो काढायचे. आठ आठवड्यांत दुसऱ्या गटाच्या फोटोंमध्ये माणूस लहान होत गेला, मागचं दृश्य मोठं होत गेलं, आणि चेहऱ्यावरचं हसू रुंदावलं.

तुम्ही विचारलेल्या रिकाम्या जागेवर माझ्याकडे औषध नाही. मला एवढंच दिसतं की ज्या माणसाला ती रिकामी दिसते तोच तिच्यासाठी काही करू शकतो.

कुसुमपर्ण

शेवंतीताई, मी खिडकीतून झाड निवडलंय. तुम्हाला रोज संध्याकाळी कळवत जाऊ का? दोघींची वही एकमेकींना वाचून दाखवू.

शेवंती

नक्की. सात वाजता फोन करा.

तारसप्तक

फोटोंबद्दल एक गोष्ट धाग्यावर यायलाच हवी. घरट्याचा फोटो, विशेषतः दुर्मीळ पक्ष्याच्या, जागेसकट समूहावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे पोहोचतात, आईबाप घरट्यावर बसत नाहीत, अंडी गार पडतात. चोरही हेच बघून येतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावणंही टाळा. विणीच्या काळात तो प्रतिस्पर्धी समजून पिल्लं सोडून भांडायला येतो. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्ग-नोंदींच्या ऑनलाइन व्यासपीठावर धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, तिथे नोंद करणं जास्त सुरक्षित.

कडूलिंब

रानवाट, पटलं. आता माझा दुसरा प्रश्न. माझं वय ७१. वही आज सुरू केली तरी माझ्या हातून किती वर्षांची होणार? त्यापेक्षा माझ्या डोक्यात जे पन्नास वर्षांचं साठलंय त्याचं काय? लहानपणी आमच्या विहिरीच्या कपारीत किती घरटी होती, ओढ्याला कुठले मासे होते, ते मला स्वच्छ आठवतं. नातवाला सांगितलं तर त्याला वाटतं आजोबा वाढवून सांगतात.

रानवाट

तुम्ही या विषयाच्या गाभ्यालाच हात घातलात. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते त्यालाच 'पूर्वीचं' मानते. पुढची पिढी त्याहून कमी असलेल्यापासून मोजायला सुरुवात करते. अशा प्रकारे घट कधी कुणाच्या डोळ्यांत भरतच नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटावर मासेमारीच्या सहलींनंतर पर्यटक आपापले मासे टांगून फोटो काढतात. लॉरेन मॅक्लेनाहन यांनी २००९ मध्ये तसे जुने-नवे फोटो एकत्र केले, १९५६ ते २००७ पर्यंतचे. माशाचं सरासरी वजन सुमारे २० किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. फोटोतली माणसं मात्र प्रत्येक वर्षी सारखीच खूश दिसतात. त्यांना तुलनेला काही नव्हतंच.

म्हणून तुमच्या डोक्यात आहे ते लिहून काढा, आणि शक्य तितकं पक्कं करून लिहा. आठवण घसरते, म्हणून तिला खुंट्या लागतात: बहिणीचं लग्न, शाळेतली इयत्ता, घराचं बांधकाम. 'मी सातवीत होतो त्या वर्षी' असं लिहिलं की साल काढता येतं. 'खूप' लिहू नका, 'कपारीच्या एका बाजूला सात-आठ' असं लिहा. खात्री किती आहे तेही लिहा. भावंडं असतील तर आधी प्रत्येकाने वेगवेगळं लिहावं आणि मगच एकत्र बसावं. आधी गप्पा मारल्या की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते.

कडूलिंब

थोरला भाऊ ७६ चा आहे. त्याला आजच सांगतो. जुने अल्बमही आहेत, ओढ्यावरचे फोटो आहेत त्यात. ते कुठे देता येतात का?

तारसप्तक

हो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखेची पक्ष्यांची यादी भरता येते, आणि आयनॅचरलिस्टवर जुना फोटो, तो काढला त्या तारखेसह टाकता येतो. साल नक्की असेल तरच टाका, अंदाजे असेल तर वहीत राहू द्या. स्कॅन करताना फोटोची मागची बाजूही करा, तिथे कुणीतरी तारीख किंवा गाव लिहिलेलं असतं. आणि तुम्ही स्वतः मागे लिहिणार असाल तर मऊ पेन्सिल वापरा, फार न दाबता. शाई कालांतराने पुढच्या बाजूला उतरते.